ॲडेलचा '30' : सलग ऐका, मधूनच गाणी उचलू नका

ब्रिटिश गायिका ॲडेलचा '30' हा अल्बम नोव्हेंबर 2021 ला आला आणि तेव्हापासून माझ्या फोनमधनं हललेला नाहीये, भेटेल त्याला मी सांगत सुटते की हा ऐक, तर म्हटलं एकदा नीट लिहूनच टाकू. तिचा आधीचा अल्बम '21' सगळ्यांना माहितीये, त्यातलं 'रोलिंग इन द डीप' आमच्या गॅदरिंगला दरवर्षी कोणीतरी म्हणायचंच. पण माझ्या मते तिचं सगळ्यात मोठं काम '30' आहे. '21' मधे ती समोरच्यावर चिडलीये, तू असा वागलास, तू मला सोडलंस. '30' मधे संसार मोडायचं तिने स्वतः ठरवलंय, आणि ते का ठरवलं हे तिला तिच्या मुलाला सांगायचंय, तो मोठा झाल्यावर त्याला आई कळावी म्हणून. दुसऱ्याला दोष देणारी गाणी काय, पटकन हिट होतात. पण अख्खा अल्बम स्वतःलाच जाब विचारत गायचा म्हणजे छाती लागते राव.

'इझी ऑन मी' बहुतेकांनी ऐकलंच असेल, ते आधी ऑक्टोबरमधे आलं होतं आणि त्याला नंतर ग्रॅमीही मिळालं, त्यामुळे त्यावर फार लिहीत नाही. माझं खरं सांगणं आहे ते 'माय लिटल लव्ह' बद्दल. साडेसहा मिनिटांच्या आसपासचं गाणं, आणि मधेमधे तिने तिच्या मुलाबरोबरचं बोलणं जसंच्या तसं ठेवलंय, फोनवर रेकॉर्ड केलेलं. ती त्याला सांगते की आईला हल्ली खूप काय काय वाटतंय, तर तो बारक्या आवाजात विचारतो, म्हणजे कसं? आणि ती खोटं बोलत नाही. मी गोंधळलेय, मी काय करतेय मलाच नीट कळत नाहीये, असं पोराला सरळ सांगते. शेवटी तर एक व्हॉइसमेल आहे, त्यात ती रडत रडत म्हणतेय की वेगळं झाल्यापासून आज पहिल्यांदा एकटं वाटतंय. पहिल्यांदा ऐकताना मला वाटलं आपण कोणाच्या तरी घरात न सांगता शिरलोय, बंद करावं का, पण बंद करवेना.

माझी ताई तिच्या मुलाला घेऊन सांगलीला माहेरी आली तेव्हा आमच्या घरात काय चालायचं सांगते. त्याच्यासमोर विषय काढायचा नाही. पाहुणे आले की त्याला खाली खेळायला पाठवायचं. सगळ्यांना वाटायचं पोरगं लहान आहे, विसरेल, आणि त्या पोराला सगळं कळत होतं, फक्त तो विचारत नव्हता कारण मोठे गप्प बसतात हेही त्याला कळलं होतं. ताई इंग्लिश गाणी ऐकत नाही, तरी मी तिला विश्रामबागेतल्या आमच्या गच्चीवर बसवून हे गाणं लावलं आणि ओळ न् ओळ मराठीत सांगितली. ती बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, "असं बोलता येतं होय गं पोराशी?" त्यानंतर ती बोलायला लागली त्याच्याशी, थोडं थोडं. गाण्याने चमत्कार केला असं म्हणत नाहीये मी, पण सुरुवात तिथून झाली.

आता आवाज. आमच्याकडे मिरजेला सतारमेकर गल्लीत तंबोऱ्याची जवारी काढताना, म्हणजे घोडी घासून सूर जमवताना बघितलंय ज्यांनी त्यांना पटेल, नुसता गुळगुळीत सूर रिकामा वाटतो, त्याला ती किंचित खरखर लागते तेव्हा तो भरतो. ॲडेलचा आवाज तसला आहे, जवारीदार. आणि 'टू बी लव्ड' मधे तर फक्त पियानो आणि ती, दुसरं काही नाही, लपायला जागाच नाही, जवळजवळ पावणेसात मिनिटं ती चढवत चढवत नेते आणि शेवटाकडे आवाज अक्षरशः फाटतो. आजच्या काळात स्टुडिओत हे सहज साफ करता आलं असतं, तिने केलं नाही. 2011 मधे घशाचं ऑपरेशन झालेली बाई आहे ही, आवाजाची किंमत तिला कोणी सांगायची गरज नाही, आणि तरी तिने तो असा लावलाय. या गाण्यासाठी माझे दहापैकी दहा.

'होल्ड ऑन' पण जरूर ऐका, त्यात मागे कोरसला तिच्याच मैत्रिणी-मित्रांचा आवाज आहे. धीर धर म्हणणारी माणसं खरंच तिची माणसं आहेत हे कळल्यावर ते गाणं वेगळंच लागतं. 'आय ड्रिंक वाईन' चं नाव ऐकून आमच्या आईने भुवया उंचावल्या होत्या, पण गाणं आहे मी पणा सोडण्याबद्दल, भजनात बसेल इतकं.

सगळंच आवडलं असं नाही हां. 'कॅन आय गेट इट' मला अजूनही खटकतं, ती शिट्टी आणि तो ठेका, चांगलं जमलेलं मन कोणीतरी उठवून दुसऱ्या खोलीत नेल्यासारखं वाटतं. अल्बमच्या 12 गाण्यांत एवढं एकच.

आणि क्रम बदलू नका प्लीज. तिच्याच सांगण्यावरून स्पॉटिफायने अल्बमच्या पानावरचं शफल बटण पुढून काढलं होतं, इतका तिचा त्यावर जीव आहे, कारण 'स्ट्रेंजर्स बाय नेचर' पासून 'लव्ह इज अ गेम' पर्यंत ती खरोखर कुठून तरी कुठे तरी पोचते. फोनच्या स्पीकरवर नका लावू, इअरफोन घाला, नाहीतर त्या पोराचं बोलणं नीट ऐकूच येणार नाही. इंग्लिश भरभर कळत नसेल तर लिरिक्स समोर उघडी ठेवा. साधारण तासभर लागतो, रात्री जेवणं आवरल्यावर बसा, आणि ज्यांच्या घरात सध्याच असं काही चालू आहे त्यांनी पहिल्यांदा एकट्याने ऐकू नका, कोणीतरी जवळचं माणूस सोबत घ्या.