विंगेत नेणारी टूर की झुंबर दाखवणारी?

गंगापूर रोडवर आमच्या शेजारी राहणाऱ्या काकूंची मुलगी लंडनला असते. पुढच्या जूनमध्ये काका-काकू सहा आठवडे तिच्याकडे जाणार आहेत. काकूंनी तरुणपणी राज्य नाट्य स्पर्धेत कामं केलेली. परवा चहाला बसल्यावर त्यांनी विचारलं, ‘‘अरे, तिकडे जुन्या थिएटरांची मागची बाजू दाखवतात म्हणे. सगळं काही आम्हाला झेपणार नाही. एक, फार तर दोन. कुठली घेऊ?’’ मी वीस-बावीस वर्षं नाशिकच्या हौशी संस्थांचं नेपथ्य लावतोय आणि दोन प्रवासांत यातल्या पाच जागा पाहून आलोय. काकूंना जे सांगितलं तेच इथे जरा सविस्तर लिहितो. नाटकवेड्या नाशिककरांपैकी आणखी कुणाला तरी हा प्रश्न पडणारच.

तिकीट काढण्याआधी एकच गोष्ट विचारा: ही टूर आपल्याला पडद्याच्या कुठल्या बाजूला नेते? जुन्या नाट्यगृहांच्या बऱ्याच टूर प्रेक्षागृह, जिना आणि फॉयर दाखवून संपतात. त्यातही बघण्यासारखं पुष्कळ असतं, पण ते प्रयोगाचं तिकीट काढूनही दिसतं. दोर, खाचा, फ्लॅटची (लाकडी चौकटीवर कापड ताणून केलेल्या देखाव्याच्या भिंतीची) पाठ, पडदा ओढणाऱ्याची जागा हे पाहायचं असेल तर तसं दाखवणारीच टूर निवडायला हवी.

पॅरिसचं पॅले गार्निए हे याचं ठळक उदाहरण. १८७५ साली उघडलेली ही वास्तू डोळे दिपवते. संगमरवरी जिन्यावर मी पंधरा मिनिटं नुसता उभा होतो. छताला मार्क शगालने १९६४ साली केलेलं चित्र आहे, खाली काही टनांचं झुंबर. १८९६ मध्ये त्याचं एक प्रतिवजन कोसळून एक बाई दगावली होती. पण नेहमीचं तिकीट हे सगळं दर्शनी भागाचं आहे. प्रेक्षागृह एखाद्या बॉक्समधून, म्हणजे प्रेक्षकांच्या खासगी कक्षातून, डोकावून पाहायचं, आणि आत तालीम चालू असेल तर तेही नाही. पॅरिसला जाणारच असाल तर अवश्य बघा. रंगमंचामागचं काही बघायचं म्हणून मुद्दाम वाट वाकडी करू नका.

व्हिएन्नाचं सरकारी ऑपेरागृह, स्टाट्सऑपर, याच्या अगदी उलट. टूर चाळीसेक मिनिटांची, इंग्रजीसह अनेक भाषांत. जिना, चहाचं दालन वगैरे इथेही आहे, पण खरी गंमत या ऑपेरागृहाच्या रोजच्या कामात आहे. हंगामात इथे जवळजवळ रोज वेगळा प्रयोग असतो. म्हणजे रात्री एक सेट उतरतो, सकाळी तालमीसाठी दुसरा लागतो आणि संध्याकाळी तिसरा. आम्ही आत गेलो तेव्हा आदल्या रात्रीचा महाल उतरवणं चालू होतं. दोघांनी एक उंच फ्लॅट तिरका केला, तिसऱ्याने खालून ब्रेस, म्हणजे आधाराचा टेकू, काढला आणि फ्लॅटची पाठ आमच्याकडे वळली. कच्चं लाकूड, ताणलेलं कापड आणि कोपऱ्यात रंगाने लिहिलेला नंबर. आमच्या फ्लॅटच्या पाठीवरही ‘डावी २’, ‘उजवी ३’ असंच लिहिलेलं असतं, तेही त्याच कोपऱ्यात, कारण फ्लॅट उचलताना हात तिथेच जातो. अमुक सेट अमुक वेळात उभा झालाच पाहिजे, ही घाई मी नाशिकच्या कालिदास कलामंदिरात कितीदा अनुभवली आहे. आम्ही प्रयोग संपवून टेम्पो भरतो, ते रोज भरतात, एवढाच फरक.

ही इमारत १८६९ची, पण १२ मार्च १९४५ला बॉम्बहल्ल्यात रंगमंच आणि प्रेक्षागृह जळालं. दर्शनी भाग आणि मोठा जिना तेवढा वाचला. दुरुस्तीनंतर ५ नोव्हेंबर १९५५ला बेथोव्हेनच्या ‘फिडेलिओ’ने घर पुन्हा उघडलं. तारीख ऐकून मी गाईडबाईंना थांबवलं. ५ नोव्हेंबर म्हणजे आपला मराठी रंगभूमी दिन, १८४३ साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी ‘सीता स्वयंवर’ केलं तो दिवस. त्यांनी वहीत टिपून घेतलं. एक अट मात्र लक्षात ठेवा. हंगाम सप्टेंबर ते जून असतो. जुलै-ऑगस्टमध्ये गेलात तर मी वर्णन केलेली धावपळ मिळणार नाही.

आता माझी सर्वांत आवडती जागा. स्टॉकहोमजवळच्या बेटावर राजवाड्याला लागून ड्रॉटनिंगहोमचं दरबारी नाट्यगृह आहे, १७६६ सालचं. बाहेरून पाहिलं तर एखादा साधा वाडा वाटेल. आत अठराव्या शतकातली लाकडी यंत्रणा जशीच्या तशी आहे आणि आजही चालते. रंगमंचाच्या दोन्ही बाजूंना रंगवलेले पंख, म्हणजे देखाव्याच्या उभ्या चौकटी, एकामागे एक उभे असतात. जमिनीतल्या खाचांमधून ते खालच्या गाड्यांना जोडलेले, गाड्यांचे दोर तळघरातल्या एका मोठ्या लाकडी रहाटाला. माणसांनी रहाट फिरवला की सगळे पंख एकदम सरकतात आणि काही क्षणांत प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत बागेचा महाल होतो. आपल्या संगीत नाटकांत रस्त्याचा पडदा वर गुंडाळला की मागून महाल यायचा, त्याची आठवण होते. समुद्र म्हणजे निळे रंगवलेले, पिळाच्या आकाराचे लाकडी दंडगोल, आडवे ठेवून मुठीने फिरवायचे. वारा म्हणजे लाकडी पिंपावर ताणलेलं कापड. गडगडाटासाठी दगड भरलेली पेटी दोराने कलवतात. आपल्याकडे हेच काम विंगेत टांगलेला पत्रा करायचा. आमच्या गाईडने वाऱ्याचं पिंप फिरवलं तेव्हा आधी कापड नुसतं कुरकुरलं, मग वेग वाढताच असा घोंघाट उठला की पुढच्या रांगेतल्या एका लहान मुलीने आईचा हात धरला.

हे सगळं टिकलं कसं, त्याची गोष्टही ऐकण्यासारखी आहे. राजा तिसरा गुस्ताव नाटकाचा वेडा होता. मार्च १७९२मध्ये स्टॉकहोमच्या ऑपेरागृहात मुखवट्यांच्या नृत्यसमारंभात त्याला गोळी घातली गेली आणि त्याच महिन्यात तो गेला. नाशिककराला हे ऐकताना आपलं विजयानंद नाट्यगृह आठवल्याशिवाय राहत नाही. २१ डिसेंबर १९०९ला तिथे ‘शारदा’चा प्रयोग असताना अनंत कान्हेऱ्यांनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या. गुस्ताव गेल्यावर ड्रॉटनिंगहोम बंद पडलं, अडगळीची खोली झालं आणि शतकभराहून जास्त काळ कुणी त्याच्याकडे फिरकलं नाही. म्हणूनच जुनी यंत्रं काढून नवी बसवावीत असं कुणाच्या मनात आलं नाही. १९२१ साली आग्ने बायर नावाचा अभ्यासक एक चित्र शोधत आत शिरला आणि त्याला धुळीखाली हा खजिना सापडला. इथेही एक सूचना. यंत्रणा नाजूक असल्याने रहाटाचं तळघर नेहमीच्या टूरमध्ये दाखवतीलच असं नाही. बुकिंग करतानाच विचारा. आणि जायचं ते उन्हाळ्यातच.

पण काकूंच्या हातात व्हिसा आहे तो ब्रिटनचा. व्हिएन्ना, पॅरिस, स्टॉकहोमला शेंगेन व्हिसा (युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून एक) वेगळा काढावा लागतो आणि तो लंडनला पोहोचल्यावर पर्यटकाला सहज मिळेल असं धरून चालू नका. तो इथूनच करून निघायचा. तेवढं होणार नसेल तर निवड ब्रिटनमधूनच करायची आणि तिथेही काही कमी नाही.

लंडनच्या ड्रुरी लेनला १६६३पासून नाट्यगृह आहे. आज उभी आहे ती त्याच जागेवरची चौथी इमारत, १८१२ची. आधीच्यांपैकी दोन जळाल्या, १६७२ आणि १८०९ साली. दुसऱ्या आगीच्या वेळी मालक शेरिडन, स्वतः मोठा नाटककार, जवळच्या कॉफी हाऊसमध्ये बसून ज्वाळा पाहत होता असं सांगतात. गाईड हे रंगवून सांगत होता आणि माझ्या डोळ्यांसमोर ८ ऑगस्ट २०२४ची रात्र उभी राहिली. शाहू महाराजांनी बांधलेलं कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह त्या रात्री जळालं, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या दिवशी. मला पुढची दहा मिनिटं काही ऐकूच आलं नाही. असो. या टूरमध्ये गोष्टी भरपूर: राजा आणि युवराज यांचं पटत नव्हतं म्हणून दोघांसाठी वेगवेगळ्या बाजू, करड्या कपड्यांतलं भूत. मागचं किती दिसेल हे मात्र तिथे चालू असलेल्या नाटकाच्या सेटवर ठरतं. इंग्रजी भराभर बोलतात, त्यामुळे काकांना मुलगी सोबत असलेली बरी.

ब्रिटनमध्ये माझं मत ब्रिस्टल शहरातल्या ‘ब्रिस्टल ओल्ड व्हिक’ नाट्यगृहाला. तेही १७६६चं, ड्रॉटनिंगहोमच्याच वयाचं, फरक इतकाच की हे आजही रोजचं नांदतं घर आहे. प्रेक्षागृहाच्या छतावर गडगडाटाची लाकडी पन्हळ आहे. तिच्यातून जड गोळे सोडले की आवाज प्रेक्षकांच्या डोक्यावरून फिरत जातो. पत्रा हलवून केलेला गडगडाट विंगेतून येतो, हा थेट आभाळातून. लंडनहून रेल्वेने पावणेदोन तासांच्या आसपास लागतात. टूर रोज नसतात, ठरावीक तारखांनाच असतात, म्हणून आधी तारीख पक्की करा आणि मगच रेल्वेचं तिकीट काढा. गुडघे दुखत असतील तर कुठल्याही टूरचं बुकिंग करताना जिन्यांची चौकशी करा. जुन्या नाट्यगृहांच्या मागच्या बाजूचे जिने अरुंद आणि चढे असतात, आणि लिफ्ट असली तरी ती बहुधा प्रेक्षकांच्या बाजूला.

मुंबईचं रॉयल ऑपेरा हाऊस चालेल का, असं काकांनी मध्येच विचारलं. १९११ साली पंचम जॉर्जच्या हस्ते उद्घाटन झालेलं, १९९३मध्ये बंद पडलेलं आणि २०१६मध्ये देखण्या रूपात परत उघडलेलं हे घर प्रत्येक मराठी माणसाने पाहावं. बालगंधर्व तिथे उभे राहिले आहेत. पण तिथे नाटकाचं किंवा गाण्याचं तिकीट काढूनच जा.

तर काकूंसाठी क्रम असा लावला. फक्त ब्रिटन असेल तर ब्रिस्टल, तारीख जुळली नाही तर ड्रुरी लेन. शेंगेन मिळाला तर आधी ड्रॉटनिंगहोम, मग व्हिएन्ना. जूनमध्ये दोन्ही जमतात. काकूंनी रात्रीच मुलीला फोन करून ब्रिस्टलच्या तारखांवर नजर ठेवायला सांगितलं.

जून अजून लांब आहे. त्याआधी परशुराम सायखेडकर नाट्यगृहात आमचा स्पर्धेचा प्रयोग आहे, सेट सकाळी आठला लागायला सुरुवात होईल. काकांनी आयुष्यभर काकूंची नाटकं समोर बसून पाहिली, विंगेत कधी आलेच नाहीत. त्या सकाळी त्यांना बोलावलंय. ‘उजवी ३’चं एक टोक त्यांच्या हातात देणार आहे.