आंद्वारीचं सोनं: चार जुनी पुस्तकं, आधी कोणतं उघडावं?

धबधब्याच्या काठावर एक पाणमांजर डोळे मिटून सामन मासा खात बसलेलं असतं. ओदिन, लोकी आणि हेनिर हे तीन देव तिथून चाललेले. लोकी दगड उचलतो, नेम धरून मारतो आणि पाणमांजर, मासा दोन्ही एका फटक्यात मिळाले म्हणून खूश होतो. संध्याकाळी मुक्कामाला ज्या घरात शिरतात ते घर ह्रैदमारचं. पाणमांजर म्हणजे त्याचाच मुलगा ओत्र, रूप बदलून मासे मारायला गेलेला. ह्रैदमार आणि त्याची उरलेली दोन मुलं, फाफ्निर आणि रेगिन, देवांना बांधून घालतात. सुटकेची अट एकच: त्या पाणमांजराचं कातडं आतून सोन्यानं भरायचं आणि बाहेरूनही सोन्यानं असं झाकायचं की केससुद्धा दिसता कामा नये.

लोकी सोनं आणतो ते आंद्वारी नावाच्या बुटक्याकडून. हा पाण्यात पाइक मासा होऊन राहत असे. सगळं सोनं दिल्यावर आंद्वारी एक अंगठी लपवायला बघतो, लोकी तीही हिसकावतो आणि बुटका शाप देतो: ही ज्याच्याकडे जाईल त्याचा जीव घेईल. इकडे कातडं झाकून झालं तरी मिशीचा एक केस उघडा राहतो. तो झाकायला ओदिनला ती अंगठी काढून द्यावी लागते. नॉर्स, म्हणजे जुन्या स्कँडिनेव्हियाच्या, पुराणातल्या खजिन्याच्या सगळ्या धावपळीचं मूळ या एका केसात आहे.

आजच्या कितीतरी गेममधला, चित्रपटांतला, कादंबऱ्यांतला नॉर्स खजिना इथूनच आलेला आहे. ते पाहून ज्याला मुळाशी जावंसं वाटतं त्याच्यासमोर चार मध्ययुगीन ग्रंथ येतात: स्नोरीची एडा, काव्य-एडा, वोल्सुंग सागा आणि जर्मन निबेलुंगांचं काव्य. चारही वाचायला वेळ नसतो आणि चुकीचं आधी हाती पडलं की माणूस विषयच सोडतो. म्हणून हा आढावा. गोष्टींचे शेवट सांगितल्याशिवाय तुलना होत नाही, तेव्हा ते इथे आले आहेत.

स्नोरी स्टुर्लसन (1179–1241) हा आइसलंडचा बडा सरदार, राजकारणी आणि कवी. त्याची एडा 1220च्या आसपासची, आणि ती मुळात कवींसाठी लिहिलेलं पाठ्यपुस्तक आहे. जुन्या कवितेत सोन्याला सोनं म्हणत नसत. ‘फ्रेयाचे अश्रू’, ‘सिफचे केस’, ‘फाफ्निरचा बिछाना’, ‘पाणमांजराचा मोबदला’ असं म्हणत. नव्या पिढीला हे कळेनासं झालं, म्हणून स्नोरी एकेका नावामागची कथा सांगत जातो. जलद म्हणजे ढग, भूधर म्हणजे डोंगर हे शाळेत शिकलेल्या आणि मोरोपंतांच्या आर्यांशी झटापट केलेल्या मराठी वाचकाला हा खेळ परका वाटू नये. पाणमांजराची कथा इथे आली ती ‘सोन्याला पाणमांजराचा मोबदला का म्हणतात?’ या प्रश्नाचं उत्तर म्हणून. ती स्वच्छ आणि वेगवान आहे आणि काही पानांत संपते. एका संध्याकाळी सगळा आराखडा हातात येतो. पण त्यात श्वास घ्यायला जागा नाही. कथेचा नायक सिगुर्द सोन्यावर बसलेल्या अजगराला, म्हणजे फाफ्निरला, मारतो ते दोन-चार वाक्यांत. पुढेमागे शब्दांच्या याद्या आहेत, त्यांची गोडी नसेल तर कंटाळा येतो.

वोल्सुंग सागा तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात आइसलंडमध्ये कोणा अज्ञात लेखकानं गद्यात लिहिली. खजिन्याचा पाठलाग म्हणून वाचायचं असेल तर माझं मत ठामपणे हिलाच. इथे तयारी आहे. सिगुर्दच्या बापाची मोडलेली तलवार त्याच्या आईनं तुकड्यांच्या रूपात जपून ठेवली आहे. रेगिन लोहार आधी दोन तलवारी घडवतो, सिगुर्द त्या ऐरणीवर आपटून मोडतो. मग त्या तुकड्यांतून ग्राम नावाची तलवार घडते आणि ऐरणच दुभंगते. नदीत लोकरीचा पुंजका सोडून खाली धार धरली तर वाहत आलेली लोकर आपोआप कापली जाते. घोडा ग्रानी, ओदिनच्या आठ पायांच्या स्लाइपनिरच्या वंशातला. तरी सिगुर्द लगेच खजिन्याकडे धावत नाही, आधी बापाचा सूड घेतो.

मग ग्निता नावाच्या माळावर तो फाफ्निरच्या वाटेत खड्डा खणायला घेतो. खड्ड्यात बसून वरून सरपटणाऱ्या अजगराच्या पोटात तलवार खुपसायची ही युक्ती रेगिनची. तेवढ्यात लांब दाढीचा एक म्हातारा येऊन सांगतो, एक खड्डा खणशील तर रक्तातच बुडशील. अनेक खण, म्हणजे रक्त वाहून जाईल. म्हातारा अर्थात ओदिन. पुढे अजगराचं काळीज भाजताना बोट पोळतं, सिगुर्द ते तोंडात घालतो आणि त्याला झाडावरच्या पाखरांची भाषा कळू लागते. पाखरं म्हणत असतात, हा रेगिन तुला दगा देणार आहे. रेगिनचं मुंडकं उडतं. लोखंडी दारांच्या त्या बिळातून सोन्याच्या दोन मोठ्या पेट्या निघतात. ग्रानीवर लादल्यावर घोडा जागचा हलत नाही. सिगुर्द स्वतः पाठीवर बसतो तेव्हा निघतो. गुप्तधनावर बसलेला नाग आपल्याकडे घराघरांतल्या गोष्टींत आहे. या गोष्टीत तो नाग आधी माणूस होता, आणि बापाला मारून सोन्यावर जाऊन बसल्यावर त्याचा अजगर झाला.

या बापाच्या खुनापाशीच स्नोरी आणि सागा यांच्यातला मला सर्वांत आवडणारा फरक आहे. स्नोरी तटस्थपणे सांगतो की दोघा भावांनी मिळून सोन्यासाठी बापाला मारलं. सागेत हीच हकिकत सिगुर्दला रेगिन स्वतः सांगतो आणि त्याच्या तोंडून ऐकताना खून एकट्या फाफ्निरनं केलेला असतो. सागाकारानं हे जाणून केलं की त्याच्यापर्यंत परंपराच तशी आली, हा वेगळा विषय. पण दोन्ही शेजारी ठेवून वाचलं की रेगिनच्या प्रत्येक वाक्याकडे संशयानं बघावंसं वाटतं आणि पाखरांनी दिलेली खबर अचानक आलेली वाटत नाही.

सागेचा दोषही सांगायला हवा. पहिला एक-तृतीयांश हिस्सा सिगुर्दच्या पूर्वजांचा आहे आणि तो भयंकर आहे. भाऊबहिणीच्या संबंधातून जन्मलेला सूड घेणारा मुलगा, लांडग्याची कातडी पांघरून रानात माणसं मारणारे बापलेक, आईनं मारवलेली मुलं. मला तो भाग थोर वाटतो. पण ज्याला सोन्याचीच ओढ आहे त्यानं पाणमांजराच्या प्रकरणापासून सुरुवात करावी. बायॉक यांच्या इंग्रजी भाषांतरात ते चौदावं आहे. शाळकरी मुलांच्या हाती मात्र हे पुस्तक देऊ नये. त्यांना स्नोरीची चार पानं आपण स्वतः सांगावीत.

काव्य-एडा ही या सगळ्याच्या मागची खाण. तिची मुख्य हस्तलिखित प्रत, कोडेक्स रेगियस, 1270च्या सुमाराची, आज पंचेचाळीस पानं उरलेली. 1643 साली ती आइसलंडच्या एका बिशपांकडे आली, 1662 साली डेन्मार्कच्या राजाला भेट म्हणून गेली आणि 1971 साली जहाजानं रेक्याविकला परत आली. तेव्हा बंदरावर लोकांची गर्दी लोटली होती. या प्रतीतली आठ पानं हरवली आहेत आणि दैव असं की ती सिगुर्दच्याच कथेच्या ऐन मध्यातली आहेत. सागाकाराकडे त्या कविता असाव्यात, म्हणून त्या भोकातलं काय ते आज मुख्यतः सागेवरूनच कळतं. तेव्हा एडा आधी वाचायला घेतली तर गोष्ट मध्येच तुटते. शिवाय या कविता ऐकणाऱ्याला कथा ठाऊक आहे असं धरूनच चालतात.

पण सागा झाल्यावर एडेकडे यावंच. फाफ्निरच्या मरणाची कविता जवळजवळ सगळी संवाद आहे. पोटात तलवार घेऊन पडलेला अजगर विचारतो, तू कोण, कोणाचा? सिगुर्द आधी नाव सांगत नाही, कारण मरणाऱ्यानं शत्रूचं नाव घेऊन दिलेला शाप लागतो अशी समजूत होती. फाफ्निर त्याला बजावतो की हे सोनं तुझा जीव घेईल. सिगुर्दचं उत्तर साधारण असं, की मरायचं तर प्रत्येकाला एक दिवस आहेच, तोवर धन सगळ्यांनाच हवं असतं. हा संवाद सागेतही आहे, पण गद्यात त्याची धार उतरते.

चौथं पुस्तक निबेलुंगांचं काव्य, 1200च्या सुमारास मध्ययुगीन जर्मनमध्ये रचलेलं. कडवी चोवीसशेच्या आसपास, भाग एकोणचाळीस. चौघांत याचंच नाव लोकांनी जास्त ऐकलेलं असतं आणि म्हणूनच ते आधी घेतलं जातं. नॉर्स देवांच्या शोधात असाल तर ते आधी घेऊ नका. इथे ओदिन नाही, लोकी नाही, पाणमांजरही नाही. दरबार आहे, चर्च आहे, कपड्यांची इतकी सविस्तर वर्णनं आहेत की जर्मन अभ्यासक त्यांना ‘शिंप्याची कडवी’ म्हणतात. सीगफ्रीडनं, म्हणजे इथल्या सिगुर्दनं, अजगर मारला आणि खजिना मिळवला हे सगळं आधीच होऊन गेलेलं आहे. राजा गुंथरचा सरदार हागेन ते काही कडव्यांत ऐकवतो. खजिन्याचा आकार मात्र इथेच नीट कळतो: बारा गाड्या, चार दिवस-रात्र, रोज तीन खेपा, म्हणजे एकशे चव्वेचाळीस गाड्या भरून.

हे काव्य सुरुवातीपासूनच सांगून टाकतं की यातले सगळे मरणार आहेत, आणि तरीही शेवटचा एक-तृतीयांश भाग खाली ठेवता येत नाही. ज्याला सोनं शोधण्यापेक्षा सोन्यामुळे घर कसं फुटतं यात रस आहे त्यानं खुशाल इथून सुरुवात करावी.

दोन प्रसंग चारही पुस्तकांच्या स्वभावाची चांगली परीक्षा घेतात. पहिला दोन स्त्रियांच्या भांडणाचा. स्नोरी आणि सागा यांत राजा गुन्नारची बायको ब्रिन्हिल्ड आणि त्याची बहीण, सिगुर्दची बायको गुद्रून नदीवर गेल्या असता वरच्या प्रवाहात कोणी उभं राहायचं यावरून शब्द वाढतो आणि गुद्रून अंगठी दाखवून फसवणुकीचा स्फोट करते: ब्रिन्हिल्डला जिंकलं ते गुन्नारचं रूप घेतलेल्या सिगुर्दनं. सागेत ती अंगठी आंद्वारीचीच आहे, मिशीचा केस झाकणारी. खजिन्याचा शाप इथे पाणवठ्यावरच्या भांडणातून घरात शिरतो. जर्मन काव्यात तेच भांडण वर्म्सच्या चर्चच्या दारात, आधी आत कोणी जायचं यावरून, सगळ्या लवाजम्यासमोर होतं. ते अधिक नाट्यमय आहे, पण तिथल्या अंगठीमागे कुठलाच शाप नाही.

दुसरा प्रसंग खजिन्याचा ठावठिकाणा विचारण्याचा. एडेतल्या अतिशय जुन्या समजल्या जाणाऱ्या आत्लीच्या कवितेत हूणांचा राजा आत्ली, म्हणजे इतिहासातला आटिला आणि इथे गुद्रूनचा दुसरा नवरा, गुन्नारला पकडून सोनं कुठे आहे विचारतो. गुन्नार म्हणतो, आधी भाऊ होग्नीचं काळीज माझ्या हातात हवं. ते ह्याल्ली नावाच्या भलत्याच माणसाचं काळीज कापून आणतात. थाळीत ते थरथरत असतं, गुन्नार लगेच ओळखतो. मग खरंच होग्नीला कापतात. तो कापताना हसतो आणि त्याचं काळीज फारसं थरथरत नाही. ते पाहून गुन्नार म्हणतो, आम्ही दोघे होतो तोवर मला शंका होती, आता ठिकाण मला एकट्यालाच माहीत. सोनं ऱ्हाइनच्या पाण्यातच राहील. त्याला सापांच्या खड्ड्यात टाकतात.

जर्मन काव्यात हाच डाव उलट्या पटावर आहे. विचारणारी क्रीमहिल्ड आहे, म्हणजे गुद्रूनच. हागेन म्हणतो, माझा एकही स्वामी जिवंत असेतो सांगणार नाही. ती आपल्या सख्ख्या भावाचं, गुंथरचं, मुंडकं केसांना धरून त्याच्यासमोर आणते. हागेन म्हणतो, आता देवाला आणि मलाच ठाऊक. तुला कधीच कळणार नाही. उत्तरेतली गुद्रून भावांसाठी नवऱ्यावर सूड उगवते, दक्षिणेतली क्रीमहिल्ड नवऱ्यासाठी भावांवर. कोणत्या नात्याचं रक्त जास्त दाट, या प्रश्नाला दोन परंपरांनी दिलेली ही दोन उत्तरं आहेत. त्यातलं कोणतं आपल्याला हलवतं त्यावरूनही पुस्तक निवडता येईल.

तर एक संध्याकाळ असेल तर स्नोरी; फॉक्स यांचं इंग्रजी भाषांतर वायकिंग सोसायटी फॉर नॉर्दर्न रिसर्चच्या संकेतस्थळावर मोफत मिळतं. आठवडा असेल तर सागा. बायॉक यांचं भाषांतर सरळ आणि वाचनीय आहे. मॉरिस आणि माग्नुसन यांचं 1870 सालचं भाषांतर मोफत मिळतं, पण त्याची मुद्दाम जुनी केलेली इंग्रजी पहिल्या वाचनाला जड जाते. एडेसाठी कॅरोलिन लॅरिंग्टन, निबेलुंगांसाठी हॅटो. जर्मन संगीतकार वाग्नरच्या याच कथेवरच्या चार संगीतनाटकांची वाट मात्र नंतर धरा. 1876 साली ती प्रथम एकत्र सादर झाली, एकूण पंधरा तासांच्या आसपासची. त्यांत नॉर्स देव आणि जर्मन नावं एकमेकांत इतकी मिसळली आहेत की आधी ऐकली तर पुढे चारही पुस्तकं वाचताना गोंधळ होतो.

पुस्तक उघडण्याआधी स्वीडनमधल्या राम्सुंदच्या खडकाचा फोटो एकदा मोठा करून पाहा. अकराव्या शतकातलं ते कोरीव काम चारही ग्रंथांहून जुनं आहे. खालून तलवार खुपसणारा सिगुर्द, तोंडात घातलेलं बोट, झाडावरची पाखरं, हातोडा-सांडशीशेजारी मुंडकं उडालेला रेगिन, पाठीवर ओझं घेऊन झाडाला बांधलेला ग्रानी आणि एका कोपऱ्यात ते पाणमांजर.