सात ट्रान्झिस्टरचं एएम रेडिओ किट: घ्या, पण कॉइल जपून फिरवा

पुतणी इलेक्ट्रॉनिक्सला आहे, तिचं मिक्सर (रेडिओत दोन लहरी मिसळणारा भाग), आयएफ (त्यातून निघणारी ठरलेली फ्रिक्वेन्सी) वगैरे सगळं नुसतं पाठ होतं, म्हणून बुधवार पेठेतून हे किट आणलं, पावणेचारशे रुपयांना. दोन पेन्सिल सेलवर चालतं. सोल्डरिंगचा हात असेल तर दोन संध्याकाळी होतं.

खरी मजा गँग कंडेन्सरमधे, म्हणजे स्टेशन बदलायला फिरवतो त्या भागात आहे. एकाच दांड्यावर दोन भाग फिरतात, एक अँटेना कॉइलसाठी आणि एक ऑसिलेटरसाठी (किटच्या आतच स्वतःची लहर तयार करणारा भाग). पुणे आकाशवाणी 792 किलोहर्ट्झला लावलं की किटचा ऑसिलेटर 1247 वर चालतो, दोन्ही पहिल्याच ट्रान्झिस्टरमधे मिसळतात आणि त्यांच्यातला फरक 455 तेवढा पुढे जातो. दुसरं स्टेशन लावलं तर ऑसिलेटरपण तेवढाच सरकतो, फरक 455 चाच राहतो, त्यामुळे पुढच्या कॉइल एकदा 455 ला लावल्या की परत हात लावायला नको. एडविन आर्मस्ट्राँग या अमेरिकन इंजिनिअरने 1918 मधे ही पद्धत काढली, त्याआधी बऱ्याच रेडिओंना दर स्टेशनला एकेक स्टेज वेगळी जुळवत बसायला लागायचं.

आम्ही शेजारी घरातला जुना रेडिओ ठेवला, 1247 च्या आसपास, तिथे नुसती खरखर होती. किट चालू करून 792 वर आणलं आणि त्या रेडिओची खरखर एकदम दबली, किटचा डायल जरासा हलवला की परत सुरू! किटचा ऑसिलेटर शेजारच्या रेडिओत पकडला होता आम्ही. पुतणीने हे दहा वेळा करून बघितलं, एवढ्यासाठीच मी हे किट कोणालाही घ्यायला सांगेन.

आता तक्रारी. सोबतचा कागद इतका पुसट छापलाय की पिवळी, पांढरी, काळी आयएफटी (455 ला लावायच्या त्या कॉइल) कुठे बसवायची ते भिंग घेऊन वाचावं लागलं (लाल ती ऑसिलेटरची). कॉइलमधले कोअर (जुळवताना फिरवायचे गाभे) फार ठिसूळ आहेत, लोखंडी स्क्रू ड्रायव्हर लावला आणि एकाला चीर गेली, दुकानात सुटी कॉइल मिळत नाही म्हणाले, अख्खं किट नव्याने विकत घ्या. हे बरोबर नाही. प्लास्टिकची काडी घासून चपटी करा आणि तीच वापरा, लोखंड जवळ आलं तरी ट्यूनिंग सरकतं. फेराइट रॉडवरची तार पण केसासारखी आहे, ओढू नका.

आणि अलाइनमेंट, म्हणजे कोअर फिरवून कॉइल जुळवणं, दिवसाच करा, एलईडी बल्ब आणि चार्जर बंद करून. रात्री लांबची स्टेशनं आपोआप वरखाली होतात, आवाज आपण कोअर फिरवला म्हणून वाढला का तसाच वाढला काही कळत नाही.