हृदयाच्या धोक्याचं घरगुती किट: घ्या, पण रंग बघून नाही

बाबा 52व्या वर्षी हार्ट अटॅकने गेले. दादाची अँजिओप्लास्टी 49व्या वर्षी झाली. मी आता 51ची आहे, तेव्हा घरी बोट टोचून रक्त पाठवायचं हे किट मी हौसेनं नाही, धास्तीनं मागवलं. कंपनीचं नाव घेत नाही, कारण झालेल्या गोंधळात माझाही वाटा आहे.

डब्यात तीन लॅन्सेट (बोट टोचायच्या छोट्या सुया), स्पिरिटचे बोळे आणि करंगळीच्या नखाएवढी नळी. तिच्यावरच्या रेघेपर्यंत रक्त भरायचं. पहिल्या खेपेला हात गार होते, रक्त येईना, म्हणून मी बोट अक्षरशः पिळलं. आठवड्यानं निरोप आला: पेशी फुटल्यात, नमुना बाद. दुसरं किट फुकट पाठवलं, ते मात्र मान्य करायला हवं. या वेळी पाच मिनिटं हात कोमट पाण्यात धरले, उभं राहून हात खाली सोडला, अनामिकेच्या कडेला टोचलं (मधोमध टोचलं तर दोन दिवस टायपिंग विसरा), पहिला थेंब पुसून टाकला आणि पुढचे आपोआप पडू दिले. तीन मिनिटांत नळी भरली. पत्रकात यातलं निम्मं होतं, तेही बारीक अक्षरांत. जोरात दाबलं तर पेशी फुटतात, शिवाय ऊतींमधलं पाणी मिसळून रक्त पातळ होतं, हे ठळक छापायला काय हरकत होती?

रिपोर्ट उघडला तर एचएस-सीआरपी, म्हणजे शरीरातला दाह दाखवणारा आकडा, 11.2, भडक लाल! रात्रभर झोप नाही. सकाळी डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, “सर्दी-ताप होता का?” होता की! 10च्या वरचा आकडा बहुतेकदा संसर्गाचा किंवा दुसऱ्या कुठल्या तरी दाहाचा असतो, तो हृदयाच्या खात्यात मांडायचा नसतो. तीन आठवड्यांनी पुन्हा केली तर 1.4. ‘आजारी असाल तर थांबा’ एवढी ओळ किटवर असती तर माझी एक रात्र वाचली असती.

एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, 118. आयुष्य अकाउंट्समध्ये गेलं, त्यामुळे बेरीज तपासल्याशिवाय चैन पडत नाही. एकूण कोलेस्टेरॉल 196, त्यातून एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) 48 वजा, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) 150चा पाचवा हिस्सा म्हणजे 30 वजा. राहिले 118. म्हणजे एलडीएल मोजलेलाच नाही, सूत्रानं काढलाय! चुकीचं नाही ते, पण ट्रायग्लिसराइड 400च्या वर गेलं की हे सूत्र चालत नाही.

आणि शेवटच्या पानावर, करड्या अक्षरांत, कसलाही रंग नसलेला एक आकडा: लायपोप्रोटीन (ए), म्हणजे रक्तात कोलेस्टेरॉल वाहून नेणारा एलडीएलसारखाच एक कण, 168 नॅनोमोल प्रति लिटर. डॉक्टरांचं बोट थेट तिथेच गेलं. 125च्या वर असलं की धोका वाढलेला धरतात. हे बहुतांशी जन्मजात असतं, पथ्यानं किंवा चालण्यानं फारसं हलत नाही, म्हणूनच आयुष्यात एकदा तपासलं तरी बहुतेकांना पुरतं. शिरेतून रक्त घेऊन त्यांनी ते पक्कं करून घेतलं. मग पट्टा बांधला: रक्तदाब 142/88. पुढच्या दोन्ही भेटींतही तसाच.

आता किटचा एकूण निकाल ऐका: ‘मध्यम’, पिवळा. ॲपनं वय आणि वजन विचारलं, बस्स. रक्तदाब नाही, सिगारेट नाही, बाबा नाहीत, दादा नाही. पहिल्या नात्यातल्या पुरुषाला 55च्या आत हृदयविकार झाला असेल तर ते धोक्याच्या हिशेबात धरतात, आणि माझ्या घरात असे दोघं. निम्म्या नोंदींवर ताळेबंद काढला तर ऑडिटर फाडून खातो.

पाचपैकी तीन तारे, त्यातले दोन त्या करड्या आकड्याचे. लेकीसाठी आणखी एक किट मागवलंय. दादालाही म्हटलं, तुझं लायपोप्रोटीन कुणी बघितलंय का रे? तर म्हणाला, “बोट टोचायचं? नको बाई, मला भीती वाटते.” स्टेंट घालून घेतलेला माणूस!