दव उडून गेलं तरी पान 'ओलं': द्राक्षबागेतल्या हवामान यंत्राचा दुसऱ्या हंगामानंतरचा अनुभव

सकाळचे अकरा, ऊन चढलेलं, दव उडून दोन तास झालेले. बागेतल्या हवामान यंत्राचं ॲप मात्र म्हणतं, 'पान ओलं, डाऊनीचा (केवडा या बुरशीरोगाचा) धोका जास्त.' बागेत पान हातात घ्या, खडखडीत कोरडं. गोडी छाटणीनंतर (फळासाठीच्या छाटणीनंतर) फुलोऱ्याच्या तोंडावर असा लाल इशारा आला की कोणीही फवारणीचा ब्लोअर जोडणारच. मग एक महागडं आंतरप्रवाही औषध फुकट जातं, आणि निर्यातीची बाग असेल तर रेसिड्यूच्या (फळात उरणाऱ्या औषधाच्या अंशाच्या) हिशेबात आणखी एक नाव वाढतं ते वेगळंच.

यंत्र म्हणजे खांबावरचे सेन्सर, जे हवा, पाऊस, माती यांचे आकडे मोबाईलच्या ॲपवर पाठवतात. वारा, तापमान, सोलर, सिम याबद्दल तक्रार नाही. (खांबावर कोतवाल पक्षी बसून सोलर पॅनेल घाण करतो. वर एक उभी तार बांधली की बसत नाही.) तक्रार आहे ती पानओलाव्याच्या, म्हणजे पानावर पाणी आहे का ते सांगणाऱ्या तळहाताएवढ्या सेन्सर-पट्टीबद्दल, कारण डाऊनीचा सगळा अंदाज तिच्यावर उभा आहे. रात्री किमान चार तास आर्द्रता ९५ टक्क्यांच्या वर आणि तापमान १३ अंशांच्या वर राहिलं की डागाखाली पांढरी बुरशी फुटते. पण तिचे बीजाणू पानात शिरायला पानावर पाणीच लागतं, आणि २० ते २५ अंशांत त्यासाठी थोडेच तास पुरतात. म्हणजे ओलाव्याचे तास चुकले की पुढचं गणित रद्दी. भुरी या दुसऱ्या बुरशीरोगाला असं पाणी लागत नाही, त्यामुळे भुरीचा इशारा या पट्टीच्या घोळातून सुटतो.

घोळ होतो तो असा. पट्टीवर तारांची बारीक जाळी असते. पाणी पडलं की दोन तारांमध्ये वीज वाहते आणि आकडा ० वरून १५ कडे चढतो. आपण मारतो कॅल्शियम नायट्रेट, ०:५२:३४ हे विद्राव्य खत, बोर्डो मिश्रण. त्यांचा थर जाळीवर वाळतो. त्यातलं कॅल्शियम नायट्रेट सर्वांत वाईट, कारण हवेतली आर्द्रता निम्म्याच्या वर असली तरी ते पाणी ओढून पाझरतं. पान कोरडं, पण पट्टीवरचं मीठ ओलं, आणि आकडा ५-६ वर अडकलेला.

कंपनीच्या फोनवर पहिला सल्ला: ॲप काढून पुन्हा टाका. मग तंत्रज्ञ आला, लांबूनच पट्टी बघितली आणि 'सेन्सर गेला, नवीन घ्या' म्हणाला. वॉरंटीत बसत नाही, कारण पट्टीला रसायन लागलंय! द्राक्षबागेत लावायची वस्तू विकायची आणि तिला रसायन लागता कामा नये म्हणायचं.

पहिल्या हंगामानंतर म्हणूनच यंत्राला पाचपैकी दोन तारे दिले होते. आता साडेतीन देतो, कारण पट्टी गेलेली नव्हतीच. बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड पाणी मऊ सुती कापडावर घ्या, पट्टी दोनदा पुसा, सावलीत वाळवा. घासणी किंवा साबण नको, मुलामा निघतो. कोरड्या दुपारी आकडा ० ते १ वर आला पाहिजे. नंतर पाण्याचा बारीक फवारा मारा, लगेच १२ च्या पुढे गेला तर सेन्सर ठणठणीत. पुसूनही ४ च्या खाली येत नसेल तरच बदला. फवारणीआधी पट्टीवर प्लास्टिकची पिशवी घाला आणि अर्ध्या-एक तासात काढा. रात्रभर राहिली तर आत घाम धरतो आणि सकाळी पुन्हा तोच लाल इशारा.

जागेचंही तसंच. तंत्रज्ञ पट्टी खांबालाच बांधून जातात, बांधावर, उघड्यावर. तिथलं दव उन्हाबरोबर उडतं, कॅनोपीत (वेलीच्या पानांच्या दाटीत) ते तासभर तरी जास्त टिकतं. तीन-चार मीटर वायर मागून घ्या आणि पट्टी घडांच्या उंचीवर, उत्तरेकडे तोंड करून, ४५ अंश कलती बांधा.

पर्जन्यमापक एकदा तपासला की झालं. नरसाळं १६ सेंटीमीटरचं असेल तर २०० मिली म्हणजे १० मिलिमीटर पाऊस. बाटलीच्या झाकणाला सुईचं भोक पाडून अर्ध्या तासात सोडा. ९.५ ते १०.५ च्या बाहेर गेलं तर आत कोळ्याचं जाळं बघा. महसूल मंडळातल्या महावेध या सरकारी हवामान केंद्राचा पाऊस आपल्या शिवाराचा असेलच असं नाही, म्हणून हा आकडा आपलाच हवा.

पैसे वसूल झाले ते मातीच्या ओलाव्याच्या सेन्सरवर, जो घेताना नकोसा वाटत होता. त्याचा आकडा सेंटीबारमध्ये येतो, जितका जास्त तितकी माती कोरडी. काळ्या जमिनीत बसवताना त्याच मातीचा पातळ गारा भोकात ओता, नाहीतर भेग पडली की हवा शिरते आणि आकडा एकदम २०० सेंटीबारकडे पळतो. एक फुटावर एक, दोन फुटांवर दुसरा, ड्रिपरपासून वीतभर. पाणी दिल्यावर दोन फुटांचा आकडा झटकन उतरला तर पाणी मुळांखाली चाललंय. आमच्याकडे तेच चाललं होतं.

आता तास असे काढतो: ९ बाय ५ फुटांवर एकरी ९६८ झाडं, झाडाला ४ लिटरचे दोन ड्रिपर, म्हणजे तासाला ७,७४४ लिटर. बाष्पीभवन ५ मिलिमीटर, पिकाचा गुणांक (बाष्पीभवनाच्या किती पट पाणी पिकाला लागतं तो आकडा) ०.५, गरज अडीच मिलिमीटर. एकरावर एक मिलिमीटर म्हणजे ४,०४७ लिटर, म्हणून गरज साधारण १०,१०० लिटर. सव्वा ते दीड तास पुरतो. सवयीने तीन तास मोटर चालायची.

उरलेला दीड तारा कापला तो डेटासाठी. ॲपमध्ये मागचे ३० दिवसच दिसतात, एक्सेल फाईल हवी तर वरचा प्लॅन घ्या, आणि वर्गणी संपली की जुने आकडेही कुलूपबंद. गेल्या वर्षीच्या छाटणीनंतरचे ओलावा-तास समोर नसतील तर यंदाचा इशारा कशाशी ताडून बघायचा? घेणाऱ्याने आधी तीन गोष्टी लेखी मागाव्यात: ओलावा-पट्टी सुटी मिळते का आणि कितीला, वायर किती लांब, आणि वर्गणी न भरता स्वतःच्या शेताचे ताशी आकडे उतरवता येतात का. नूतनीकरणाची तारीख जवळ आली असेल तर आधी महिन्याचे आलेख स्क्रीनशॉट काढून ठेवा.