शेतपंपाचा मोबाईल स्टार्टर: मोटर चालू झाली की नुसताच ‘टक्’ आवाज?

पुण्याचे इलेक्ट्रॉनिक्स अभियंते संतोष ओस्तवाल यांनी फोनवरून शेतपंप चालवणारं ‘नॅनो गणेश’ हे यंत्र बनवलं ते आजोबांची पंपासाठी होणारी पायपीट पाहून. २००९ मध्ये नोकियाच्या स्पर्धेत या यंत्राला बक्षीस मिळालं. फोनवरून मोटर चालू-बंद होते एवढंच लोकांच्या लक्षात राहिलं. पण वावरात लाईन आहे का आणि मोटर खरंच चालू आहे का, हे घरबसल्या कळणं ही त्यातली खरी सोय होती. रात्रीच्या ओलितात नेमकं तेच पाहायला उठावं लागतं, साप-रानडुकरांची भीती असली तरी. आज बाजारात अशी बरीच यंत्रं मिळतात. त्यांचा कस याच मुद्द्यावर लागतो.

स्वस्तातलं यंत्र ‘मोटर चालू’ असा मेसेज पाठवतं तेव्हा फक्त त्याची रिले, म्हणजे आतला छोटा स्विच, ‘टक्’ करून लागलेली असते. स्टार्टरचा कॉन्टॅक्टर, म्हणजे मोटरला लाईन जोडणारा मोठा स्विच, धरला नाही तरी मेसेज तोच येतो, आणि सकाळी हरभरा कोरडाच दिसतो. म्हणून पेटीसोबत सीटी, म्हणजे मोटरच्या एका फेजची वायर जिच्यातून ओवतात ती कडी, आहे का ते आधी पाहा. ती असेल तर यंत्र अँपिअर मोजूनच बोलतं. ती नसलेलं यंत्र फुकट मिळालं तरी घेऊ नये.

जोडणी मेन बंद करून, वायरमनकडूनच करून घ्या. डीओएल (मोटर थेट लाईनवर सुरू करणाऱ्या) स्टार्टरमध्ये यंत्राच्या ‘ऑन’च्या दोन वायरी हिरव्या बटणाला समांतर लागतात आणि ‘ऑफ’च्या दोन वायरी लाल बटणाच्या सर्किटमध्ये सिरीजमध्ये. सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. ‘ऑफ’ही समांतर जोडलं तर फोनवरून मोटर बंद होत नाही आणि हाताने लाल बटण दाबूनही होत नाही.

मग सेटिंग. पाणी पूर्ण ओतत असताना क्लॅम्प मीटरने (वायरीभोवती अडकवायच्या मीटरने) अँपिअर मोजा. ५ एचपीची थ्री फेज मोटर साधारण ७ ते ८ अँपिअर घेते, पण भरवसा आपल्या मोजणीवरच ठेवा. ८ भरले तर ड्राय रन, म्हणजे पाणी नसताना मोटर बंद करणारी खालची मर्यादा, ६ च्या आसपास आणि ओव्हरलोड, म्हणजे जादा भार आल्यावर बंद करणारी वरची मर्यादा, साडेनऊच्या आत ठेवा. ड्राय रन फार खाली ठेवलं तर विहीर आटल्यावरही मोटर फिरत राहते. फार वर ठेवलं तर व्होल्टेज जरा हललं की बंद पडते. कंडेन्सर लावून दोन फेजवर मोटर चालवायची सवय असेल तर यंत्राचं फेज-संरक्षण (एक फेज नसली की मोटर बंद ठेवणारी सोय) ती चालू देणार नाही. दोष यंत्राचा नाही. संरक्षण काढून टाकलंत तर पुढे वाइंडिंगचा खर्च आहेच.

सिमकडे कुणी लक्ष देत नाही. बरीच यंत्रं टूजीवर चालतात, त्यांत जिओचं सिम चालत नाही. ज्या कंपनीची रेंज मोटरच्या पेटीपाशी भरते तिचंच सिम घ्या. गावातली रेंज वावरात कामाची नाही. पिन लॉक काढा आणि वैधतेची तारीख लिहून ठेवा. मिस्ड कॉलवर चालणाऱ्या यंत्रात आपले नंबर नोंदवलेच पाहिजेत, नाहीतर कर्ज विकणाऱ्याच्या फोनवरही मोटर सुरू व्हायची!

लोखंडी पेटी उन्हात टांगली की आतली बॅटरी फुगते. लिथियम बॅटरी ४५ अंशांच्या वर चार्ज करू नये म्हणतात, अन् आपल्याकडे मे महिन्यात सावलीतच तेवढं असतं. पेटीवर छप्पर हवं, वायरींची भोकं बुजवलेली हवीत. पाल आत शिरली तर कॉन्टॅक्टर गेला समजा. पहिल्या वादळी पावसाआधी अर्थिंग तपासा; वीज पडली की आधी यंत्राचं कार्ड जळतं.

‘ऑटो’, म्हणजे लाईन आली की मोटर आपोआप सुरू होणं, वापरताना त्याच डीपीवरच्या (ट्रान्सफॉर्मरवरच्या) शेजाऱ्यांशी बोलून घ्या. सुरू होताना मोटर सहापटीच्या आसपास अँपिअर खेचते. लाईन आल्याबरोबर सगळ्यांच्या मोटरी एकदम उठल्या तर व्होल्टेज बसतं, कॉन्टॅक्टर थरथरतात आणि फ्यूज उडतो. एकाने दोन मिनिटांचा उशीर लावला तर दुसऱ्याने चार, तिसऱ्याने सहा लावावा. उशीर बदलण्याची सोय नसलेलं यंत्र साध्या ऑटो स्विचपेक्षा फार काही वेगळं नाही.

सौरपंपाला हे लावू नका. तिथली मोटर कंट्रोलरवर चालते, या जोडणीची पद्धत तिला लागू नाही.