गीझरला वायर कोणती: दीड, अडीच की चार?

नवीन फ्लॅटचं वायरिंग चालू असलं की वायरमन हे विचारतोच, आणि मालक बहुतेक वेळा "तुम्हीच बघा" म्हणून मोकळा होतो. वायर एकदा भिंतीत गेली की बदलणं जिवावर येतं, म्हणून पाच मिनिटं हिशोब करून घ्यावा.

दीड, अडीच, चार म्हणजे वायरीतल्या तांब्याच्या काटछेदाचं क्षेत्रफळ, चौरस मिलिमीटरमध्ये. तीन किलोवॉटचा इन्स्टंट गीझर धरू. २३० व्होल्टला तो साधारण १३ अँपिअर ओढतो. मेन बोर्डापासून बाथरूम १५ मीटरवर, म्हणजे फेज आणि न्यूट्रल मिळून वायर ३० मीटर.

| वायर | रेझिस्टन्स | वायरीतली उष्णता | व्होल्टेजची घट |
|---|---|---|---|
| दीड | ०.४० ओहम | ६८ वॉट | ५.२ व्होल्ट |
| अडीच | ०.२४ ओहम | ४० वॉट | ३.१ व्होल्ट |
| चार | ०.१५ ओहम | २५ वॉट | १.९ व्होल्ट |

उष्णता म्हणजे करंटचा वर्ग गुणिले रेझिस्टन्स, हा जूलचा नियम. करंट दुप्पट झाला की उष्णता चौपट. म्हणून दोन किलोवॉटचा स्टोरेज गीझर (८.७ अँपिअर) त्याच दीडच्या वायरीत जेमतेम ३० वॉट उष्णता करतो. कागदावर तिथे दीड चालून जाते. पण तो पॉइंट १६ अँपिअरचा असतो, आणि उद्या तिथे तीन किलोवॉटचा गीझर लागणारच नाही असं कोण सांगेल? पाईपमधून गेलेली दीडची वायर १३ अँपिअरला तिच्या मर्यादेला टेकलेली असते. शिवाय तांबं तापलं की त्याचा रेझिस्टन्स आणखी वाढतो: २० अंशांवरून ७० वर गेलं तर सुमारे २० टक्के. साध्या पीव्हीसी वायरीची मर्यादाही ७० अंशच.

मग तोच करंट वाहत असताना पाणी उकळतं आणि वायर मात्र कोमट, हे कसं? एलिमेंटचा रेझिस्टन्स साडेसतरा ओहमच्या आसपास, वायरीचा अर्ध्या ओहमपेक्षाही कमी. एका माळेत जिथे रेझिस्टन्स जास्त, तिथे उष्णता जास्त. दोन गीझरची तुलना करताना मात्र हे उलटं होतं. व्होल्टेज दोघांना तेच, त्यामुळे तीन किलोवॉटच्या एलिमेंटचा रेझिस्टन्स दोनवाल्यापेक्षा कमी असतो.

माझं मत: अडीच घ्या. दीड गीझरला नकोच, लाइट-पंख्याला ठेवा. अंतर २५-३० मीटर असेल किंवा त्याच पाईपमधून एसीच्या वायरीही जाणार असतील तर चार. वीजबिल वाचेल म्हणून चार घेऊ नका. रोज अर्धा तास गीझर चालला तर अडीचच्या तुलनेत वर्षाला तीन युनिटही वाचत नाहीत.

व्होल्टेज कमी झालं तर गीझर नुसता मंदावतो. २०० व्होल्टला करंट ११ अँपिअरवर येतो, वायर उलट गारच राहते. मोटारीचं तसं नाही. लोड तोच राहिल्यामुळे ती जास्त करंट ओढते आणि वाइंडिंग, म्हणजे आतली तारेची गुंडाळी, तापतं. शेतात कमी दाबाने पंप जळतात ते यामुळे.

आता खरी गोम. जळतं ते बहुधा सॉकेट किंवा टर्मिनल, मधली वायर नव्हे. स्क्रू सैल राहिला आणि तिथे ०.२ ओहम जरी आला, तरी १३ अँपिअरला ३४ वॉट उष्णता हरभऱ्याएवढ्या जागेत साठते. कथिल वितळवणारी सोल्डरिंग आयर्न २५ वॉटची असते. चारची वायर घालून जोड ढिला ठेवला तर सगळा खर्च पाण्यात.

एमसीबी (करंट फार वाढला की आपोआप पडणारा बोर्डावरचा स्विच) हे पकडत नाही, कारण करंट वाढलेलाच नसतो. त्याचं काम वायर वाचवायचं: अडीचला १६ चा लावा, आणि तो ट्रिप होतो म्हणून २५ चा बसवू देऊ नका. काम झाल्यावर वायरमन समोर असतानाच गीझर दहा मिनिटं चालवा, बटण बंद करा, आणि पिनटॉपच्या (गीझरच्या तीन पिनांच्या प्लगच्या) प्लॅस्टिकला हात लावून बघा. चांगलंच गरम लागलं तर मेन बंद करून स्क्रू पुन्हा आवळायला लावा. पिना सॉकेटमध्ये ढिल्या बसत असतील तर सॉकेटच बदला.